वारा सरला का?

बाबांच्या हर्नियाचं ऑपरेशन मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात ठरलेलं. ठरलेलं म्हणजे अगदी रक्ततपासण्या, ईसीजी, भूलतज्ज्ञांना भेटणं सगळं उरकलेलं, फक्त तारखेला जाऊन ॲडमिट व्हायचं बाकी. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ, उभं राहिलं की यायची, आडवं झालं की आपोआप आत जायची, दोन वर्षं हेच चाललेलं आणि ती दोन वर्षं त्यांनी 'बघू, बघू' करत काढलेली, त्यामुळे ते एकदाचे तयार झाले तेव्हा आईने हुश्श केलं होतं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली आणि पुढच्या काही दिवसांत हॉस्पिटलमधून फोन, की सगळी प्लॅन्ड ऑपरेशन्स पुढे ढकललीयत, तातडीची तेवढीच होतील, तुमचं तातडीचं नाही, परिस्थिती निवळली की आम्हीच कळवू.

तो फोन काही आला नाही.

तेव्हा राग वगैरे आला नव्हता हां, उलट बरंच वाटलं. ७२ वर्षांच्या माणसाला अशा वेळी कोण हॉस्पिटलात नेऊन झोपवणार. आणि तो निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही, बेड लागणार होते, व्हेंटिलेटर आणि ते चालवणारी माणसं तिकडे लागणार होती. नंतर मे महिन्यात कोविडसर्ज नावाच्या सर्जन लोकांच्या आंतरराष्ट्रीय गटाचा अंदाज वाचला, की ऐन भराच्या १२ आठवड्यांत जगभरात २ कोटी ८४ लाख ठरलेली ऑपरेशन्स रद्द होतील किंवा लांबतील. त्यातले एक आमचे बाबा. फक्त त्या फोनवर एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही आणि आम्हालाही विचारायची सुचली नाही, की बाबा रे आज तातडीचं नाहीये पण उद्या झालंच तर ते ओळखायचं कसं. गाठ आत जायची बंद झाली, कडक झाली, दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या, पोट फुगलं, संडास आणि गॅस दोन्ही बंद झालं तर एक मिनिट थांबायचं नाही. दोन वाक्यं आहेत. कुणीही सांगू शकलं असतं, फोनवरच्या त्या मुलीनेसुद्धा.

जुलैमधला रविवार. दुपारी चार वाजता आईने मला हाक मारली, अगं हे बघ कसे करतायत. बाबा कॉटवर पाय पोटाशी घेऊन पडलेले, बाजूला बादली, त्यात हिरवट पिवळं पाणी. मी विचारलं कधीपासून, तर बोट दाखवून सांगतात 'आत्ताच'. खरी गोष्ट मला तीन आठवड्यांनी कळली. गाठ सकाळी सहालाच बाहेर आली होती आणि आत जात नव्हती, त्यांनी बाथरूममध्ये दाबून बघितली, आडवं पडून बघितली, गरम पाण्याची पिशवी लावून बघितली. दहा तास. कुणाला सांगितलं नाही कारण सांगितलं की नेणार, आणि नेलं की एकट्याला नेणार. 'तिकडे माणूस एकटाच आत जातो आणि परत कसा येतो ते बघतोयच की आपण' हे त्यांचं वाक्य. ते घाबरट नाहीत हो. पण रोज टीव्हीवर तेच बघत होतो आम्ही सगळे, दिवसभर, आणि आम्हीच त्यांना सांगत होतो की गेटच्या बाहेर पाऊल टाकू नका.

मी मोबाईलची टॉर्च लावून बघितलं. गाठ कडक, वरची कातडी लाल आणि चकचकीत, नुसता हात जवळ नेला तरी ते कळवळले. ही गाठ मी आधीही बघितली होती, ती अशी नसायची. त्या क्षणी मला हर्नियातलं काही कळत नव्हतं पण हे गॅसेसचं दुखणं नाही एवढं कळलं.

ज्या हॉस्पिटलात मार्चची तारीख होती तिथे गेलो तर गेटवरच कळलं की ते आता पूर्ण कोविडसाठी केलंय, दुसरीकडे जा. कुठे जा? ते गेटवरच्या माणसाला माहीत नव्हतं, त्याचा दोष नाही, पण मग कुणाला माहीत होतं. गाडीत बसून मी फोन लावत होते आणि मागच्या सीटवर बाबा ओकत होते, आणि आता त्याचा रंग बदलून मातकट झाला होता, वासही वेगळा. तीन ठिकाणी फोन उचलला नाही, एका ठिकाणी 'कोविड रिपोर्ट आहे का' विचारलं, नाही म्हटल्यावर 'मग आधी तो करून घ्या' म्हणाले. अडकलेल्या आतड्याला रिपोर्ट कसला दाखवायचा! पाचव्या ठिकाणी एका बाईने फोन उचलला आणि नीट सगळं ऐकून घेऊन एकच विचारलं, गाठ आत जातेय का? नाही म्हटलं. मग लगेच निघा, वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, पाण्याचा घोटही नाही. नाव विचारायचं राहिलं त्यांचं.

तिथे पोचलो तेव्हा सात वाजलेले. बाहेर मांडव, ताप बघितला, बोटाला ऑक्सिजनचं क्लिप लावलं, खोकला आहे का, वास येतो का, कुणाच्या संपर्कात आलात का. बाबांना यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हे सांगायचंच राहिलं, बाबांचा डावा कान पूर्ण गेलाय आणि उजव्याला मशीन लावलं तर काम भागतं, पण खरं तर ते कानाने ऐकतच नाहीत, ओठ बघून ऐकतात. कितीतरी वर्षं असंच आहे त्यामुळे घरात कुणाला ते जाणवतही नव्हतं. मास्क आले आणि बाबा एका दिवसात ठार बहिरे झाले. त्यात मास्कचं इलॅस्टिक आणि मशीन दोन्ही एकाच कानामागे, मास्क काढला की मशीन टुणकन उडून पडायचं, म्हणून बाहेर पडताना ते मशीनच काढून ठेवायचे. त्या दिवशी ते मी त्यांच्या कानात लावलं आणि वरून चिकटपट्टी मारली.

मांडवातून पुढे मला सोडलं नाही. पेशंट आत, नातेवाईक बाहेर. मी सांगत होते की त्यांना ऐकू येत नाही, मी फक्त बोलायला थांबते, लांब उभी राहते. नाही म्हणजे नाही. व्हीलचेअरवर बसून आत जाताना बाबांनी मागे वळून बघितलं नाही, कारण मी हाका मारत होते हे त्यांना कळलंच नाही.

त्यानंतरचं सगळं पार्किंगमध्ये. हॉस्पिटलची इमारत पन्नास पावलांवर आणि डॉक्टर माझ्याशी फोनवर बोलतायत. सर्जन तरुण होता, भराभरा बोलायचा पण एकही प्रश्न टाळला नाही त्याने. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतलं भोक, आतडं त्या भोकात अडकलंय, रक्तपुरवठा तुटला असण्याची शक्यता मोठी आहे, बाहेरून दाबून आत ढकलायचं नाही कारण मेलेलं आतडं आत गेलं तर जास्त वाईट, पोटाचा सीटी करतोय, त्याच वेळी छातीचाही करतोय, नाकातला स्वॅब घेतलाय पण रिपोर्ट उद्या येईल, त्यासाठी थांबणार नाही, पॉझिटिव्ह आहेत असं समजूनच ऑपरेशन करू. मी विचारलं दुर्बिणीतून होणार का, कुठेतरी वाचलं होतं. म्हणाला, सध्या त्यावरूनच आमच्यात वाद चाललाय, पोटात भरलेल्या गॅसमधून आणि कापताना होणाऱ्या धुरातून विषाणू बाहेर येतो का ते पक्कं माहीत नाही, पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, ओपनच करायला लागणार.

मग साडेदहाला फोन, सही हवीय. सिक्युरिटीवाला प्लास्टिकच्या फोल्डरमधून फॉर्म घेऊन आला, पेन तुमचं वापरा म्हणाला. गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली. फॉर्मवर नेहमीच्या धोक्यांच्या खाली एक नवीन ओळ पेनने लिहिलेली, हॉस्पिटलमध्ये असताना कोविड होण्याची शक्यता पेशंटला समजावून सांगितली आहे. समजावून सांगितली! ज्या माणसाला 'नाव काय' हेसुद्धा ऐकू येत नव्हतं त्याला. मी सही केली. तुम्हीही केली असती.

थिएटरमध्ये घेतलं तेव्हा बारा चाळीस. ऑपरेशन ठरल्यानंतरही एवढा वेळ का, तर पीपीई घालायला वेळ, आधीच्या केसनंतर थिएटरमधली हवा बदलायला वेळ, घशात नळी घालताना खोलीत भूलतज्ज्ञ आणि एक मदतनीस एवढेच थांबणार, बाकीचे बाहेर, मग थोडं थांबून आत. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि कारण पटतही होतं, पण घड्याळ चालूच होतं.

रात्री एक वाजता पार्किंगमध्ये बसून माणसाने काय करू नये तर मोबाईलवर शोधू नये. मी शोधलं. त्याच कोविडसर्ज गटाचा पेपर, मे अखेरीस लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. २४ देश, २३५ हॉस्पिटल्स, ११२८ पेशंट, ज्यांना ऑपरेशनच्या आगेमागे कोविड झाला असे. ३० दिवसांत गेले २३.८ टक्के. निम्म्यांहून जास्त लोकांना फुप्फुसाचा त्रास. धोका कुणाला जास्त तर पुरुष, वय ७० च्या पुढे, तातडीचं ऑपरेशन. तिन्ही रकान्यांत बाबा. आणि स्वॅबचा रिपोर्ट उद्या. दादाचे दर दहा मिनिटांनी मेसेज, तो परदेशात, विमानं बंद, त्याला मी हे पाठवलं नाही.

साडेतीनला फोन. आतडं काळं पडलेलं होतं, साधारण वीतभर कापलं, उरलेली दोन टोकं जोडलीयत, शौचाची पिशवी लावायची वेळ आली नाही. भोक बुजवायला एरवी बसवतात ती जाळी बसवली नाही, अशा घाण झालेल्या जागी जाळीला इन्फेक्शन होतं, टाक्यांनीच बंद केलंय. आता पुढचे पाच दिवस महत्त्वाचे, जोड धरायला हवा. मग वॉर्डातले एक मामा खाली आले आणि मला एक झिपची पिशवी दिली. त्यात कवळी, अंगठी, घड्याळ आणि कानाचं मशीन.

मशीन बघून माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे बाबा शुद्धीवर येणार ते पूर्ण शांततेत. आजूबाजूला पांढऱ्या सूटमधली माणसं, तोंड नाही, ओठ नाहीत, गॉगलवर वाफ धरलेली, आणि आवाज शून्य.

झालंही तसंच. दुसऱ्या रात्री त्यांनी नाकातली नळी उपसून काढली. मग हात बांधले. सिस्टरने मला फोनवर सांगितलं की पेशंट को-ऑपरेट करत नाहीत, ऐकत नाहीत. मी म्हटलं अहो ऐकत नाहीत म्हणजे ऐकूच येत नाही. हे मी मांडवात सांगितलेलं, फोनवर सांगितलेलं, पण शिफ्ट बदलायची आणि ते परत पहिल्यापासून. कानाचं मशीन मी पहाटेच परत काउंटरवर दिलं होतं, नाव लिहून, तर ते तिथेच पडून, बाहेरची वस्तू लगेच वर न्यायची नाही असा नियम. दीड दिवस. पृष्ठभागावरून संसर्गाची भीती तेव्हा सगळ्यांनाच होती, आम्हीपण घरी किराणा धुवत होतो, तर त्यांना काय बोलणार. पण त्या दीड दिवसाचा मला अजून राग येतो, बाकी कशाचा नाही इतका.

स्वॅब निगेटिव्ह आला, तेवढं एक बरं. पण पहिला निगेटिव्ह म्हणजे नाहीच असं धरत नाहीत म्हणाले, व्हिजिट बंदच.

मग मी एक केलं. भाचीची जाड मार्कर पेनं आणि कोरे कागद घेतले आणि मोठ्ठ्या अक्षरात लिहीत बसले. 'दुखतंय का? कुठे?' 'ऑपरेशन नीट झालंय.' 'नळी काढू नका.' 'पाणी अजून नाही.' 'कूस बदला.' 'खोल श्वास घ्या.' 'आम्ही खाली आहोत.' आणि सर्जनने सांगितलेलं सगळ्यात महत्त्वाचं, 'वारा सरला का?' पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रोज राउंडला हाच प्रश्न विचारतात, आतडं परत चालू झालं की आधी वारा सरतो, त्याच्यावर पाणी कधी द्यायचं ते ठरतं. सगळे कागद पारदर्शक प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले, म्हणजे सॅनिटायझरने पुसता येतील, मग काउंटरवाल्यांनाही हरकत घ्यायला जागा नव्हती. माझ्यासमोर दोन वेळा पुसून फोल्डर वर गेलं.

त्या संध्याकाळी सिस्टरने व्हिडिओ कॉल लावून दिला. बाबा एवढेसे दिसत होते, दाढी वाढलेली, कवळी नाही म्हणून गाल आत. सिस्टर एकेक कागद त्यांच्यासमोर धरत होती. 'आम्ही खाली आहोत' वाचून त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ. मग 'वारा सरला का?' धरला आणि बाबा हसले. खरंच हसले, पोटावर हात दाबून, टाके ताणले गेले असणार. आणि मग मान हलवली, नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तो कागद न दाखवताच त्यांनी सिस्टरला बोलावून जाहीर केलं म्हणे. ऐकू न येणारी माणसं बोलतात मोठ्याने, सगळ्या वॉर्डला कळलं. मी पार्किंगमध्ये उभी राहून दादाला मेसेज टाकला, वारा सरला, आणि रडले. आमच्या घरात एवढ्या आनंदाने हे वाक्य कधी कुणी लिहिलं नसेल.

पाचव्या दिवशी ताप. आता पोटाच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ताप म्हटलं की जखम, लघवी, छाती आणि सगळ्यात भीती आतड्याचा जोड सुटण्याची, पण २०२० मध्ये ताप म्हटलं की आधी एकच शंका. बाबांना संशयितांच्या वॉर्डात हलवलं, नवीन स्वॅब, नवीन माणसं, आणि फोल्डर जुन्या बेडवर राहिलं. दोन दिवसांनी रिपोर्ट परत निगेटिव्ह, तोवर जखमेची पट्टी उघडून कुणी नीट बघितली नव्हती, बघितली तेव्हा खाली पू. तीन टाके मोकळे केले, धुतली, ताप उतरला. जोड शाबूत होता. हे दोन दिवस आधी होऊ शकलं असतं का, माझ्या मते हो. सर्जनने स्वतः फोन करून सांगितलं की उशीर झाला, त्याचा मला आदर वाटला.

अकराव्या दिवशी घरी सोडलं, जखम उघडी असतानाच, कारण हॉस्पिटलपेक्षा घर सेफ. ड्रेसिंग मी शिकले व्हिडिओ कॉलवर. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलेला, तिकडून सिस्टर सांगतेय, सलाईनने आधी भिजव मग जुनी गॉज काढ, ओढू नको, तळापासून भर, वरून झाकू नकोस नुसतं. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. आठव्या दिवशी मी आईशी बोलत बोलत करत होते. तळाला लालबुंद दाणेदार मांस दिसायला लागलं की चांगलं, पांढरट चिकट दिसलं की फोन करायचा, हे मला आता झोपेतही सांगता येईल.

त्या दिवसाचे तास मी नंतर कितीदा तरी मोजलेत. सकाळी सहा ते चार, दहा तास घरात. चार ते सात, रस्त्यात आणि फोनवर. सात ते बारा चाळीस, हॉस्पिटलच्या आत. नातेवाईक विचारतात तेव्हा सगळे त्या शेवटच्या तुकड्यावर बोट ठेवतात, टेस्ट, पीपीई, नियम. पण सगळ्यात मोठा तुकडा आमच्या घरातला आहे, आणि तो नियमांचा नाही असंही मला म्हणवत नाही, कारण एकट्याने आत जायचं हा नियमच होता ना, बाबा त्यालाच घाबरून दहा तास गप्प बसले. चार तास आधी आणलं असतं तर आतडं वाचलं असतं का, हे मी टाके बघायला गेलेले तेव्हा सर्जनला विचारलं. तो फाइलमध्ये बघत राहिला आणि म्हणाला, जखम छान भरतेय.

सीटीमध्ये डाव्या बाजूलाही बारकासा हर्निया दिसला होता. तो डिसेंबरमध्ये केला, ठरवून, आधी टेस्ट मग ॲडमिशन, या वेळी जाळी बसवून. तारीख बाबांनीच फोन करून घेतली, म्हणजे फोन मी लावला आणि ते ओरडले. तोवर एका नातेवाइकाला थांबायची परवानगी मिळायला लागली होती. बॅग भरताना बघितलं तर त्यांनी ते प्लास्टिकचं फोल्डर सगळ्यात वर ठेवलेलं, नवीन, कारण जुनं परत मिळालंच नव्हतं, आणि या वेळी अक्षरं त्यांचीच. मी कागद चाळले. म्हटलं, बाबा, या ऑपरेशनला आतड्याला हातसुद्धा लावत नाहीत, 'वारा सरला का'ची गरज नाही.

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, कागद माझ्या हातातून घेतला आणि परत फोल्डरमध्ये घातला.